अक्कलकोट रोड एमआयडीसीत नेट रांगतंय: फोन बदलू की सिम?

चाटीगल्ली, सोमवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हल्ली बाहेरगावचे व्यापारी नमुना कुरिअरनं मागवायच्या आधी व्हिडिओ मागतात. लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फंदे, कसा उभा आहे, बॉर्डर कशी बसलीये, शिलाई उलट्या बाजूनं कशी दिसते, हे सगळं जवळून दाखवायचं आणि लगेच पाठवायचं. अडतंय ते पाठवण्यातच. मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायला घेतला की ते गोल फिरत बसतं, आणि तोवर समोरचा दुसऱ्या कारखानदाराशी बोलून मोकळा होतो. ऑर्डर हातची गेली की मागावरच्या माणसांना काम कुठून द्यायचं, याचा घोर लागतो.

फोन ४जी आहे, लॉकडाऊनच्या आधी घेतलेला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १०. घरी, जुळे सोलापुरात, बऱ्यापैकी चालतो. तिथं डाउनलोड ३५ आणि अपलोड ९ एमबीपीएसच्या आसपास मिळतं. कारखान्यात त्याच सिमवर डाउनलोड १२-१४ आणि अपलोड जेमतेम ०.८. संध्याकाळी त्याहून कमी.

नवी पेठेतल्या दुकानदाराचं म्हणणं, "मालक, ५जी घ्या, विषय संपला." भाचाही तेच म्हणतो. अठरा हजारांपर्यंत जमवता येतील. पण ते घालूनही परत तेच गोल फिरणार असेल तर माझे दोन माग दुरुस्तीला आलेत, पैसे तिकडं लागतील. सिम कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचा अनुभव आपल्याकडं गल्लीगणिक वेगळा असतो आणि चर्चा भलतीकडंच जाईल. दोष फोनचा, सिमचा की जागेचा, हे पैसे घालायच्या आधी ठरवता येतं का, एवढंच विचारायचंय.


पूर्वभाग, सोमवार रात्री १०.०५

अण्णा, आमच्या शेडमध्ये पण लई बेकार हालत हाय. व्हिडिओ काढायचा आत आणि पाठवायचा बाहेर चहाच्या गाड्यावर येऊन. कामगार इचारतेत, मालक रस्त्यावर उभारून काय करलालाव म्हणून. माझा फोन तर मागच्या वर्षीचाच हाय, ५जी हाय, तरी आत तेच. म्हणून म्हणतो, घाई करू नका.


रेल्वे_लाईन्स, सोमवार रात्री ११.२०

चाटीगल्ली, माझी सगळी नोकरी मोबाइल टॉवरच्या कामातच झाली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. तोच फोन आणि तेच सिम घरी ९ अपलोड देतात. म्हणजे फोनमध्ये ९ द्यायची कुवत आहे. कारखान्यात तो ०.८ वर येतो याचं कारण त्याचं वय नाही.

डाउनलोड बरं आणि अपलोड बसलेलं, हे कमकुवत सिग्नलचं ठरलेलं लक्षण. टॉवर मोठ्या ताकदीनं पाठवतो, त्यामुळं त्याचं तुमच्यापर्यंत पोचतं. तुमच्या फोनची पाठवायची ताकद मात्र साधारण ०.२ वॉट, आमच्या भाषेत २३ डीबीएम. फोन आठ हजारांचा असो की लाखाचा, बहुतेकांची मर्यादा हीच. टॉवर लांब असला किंवा मध्ये अडथळा आला की आधी अपलोड मार खातं. स्पीड टेस्ट घेताना सगळे डाउनलोडचा मोठा आकडा बघतात. तुमचा धंदा दुसऱ्या आकड्यावर चालतो.

आणि अडथळा कसला, तर पत्रा. रेडिओ लहरी धातूच्या पत्र्यावरून परत फिरतात. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल शिरतो तो दारातून, खिडक्यांतून आणि उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरची पानं बसवलेली असतील तर त्यांतून. बाहेर रेंज भरपूर आणि आत काही नाही, असं पूर्वभाग सांगतात ते त्यामुळंच.

आता मोजायचं कसं ते बघा. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल', त्यात 'सिम स्टेटस', तिथं सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० पर्यंत काम भागतं, उणे ११० च्या पलीकडं गेलं की अपलोड रडायला लागतं. दर १० ला ताकद दहापट बदलते. दारात उणे ९७ आणि मागाजवळ उणे ११७ आलं तर फरक वीसचा दिसतो, पण सिग्नल शंभर पटींनी घटलेला असतो. वरच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर जाऊ नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो.

मग भाच्याचा ५जी फोन थोडा वेळ मागून घ्या. तुमचं सिम त्यात घाला आणि तुमच्याच जागी, तुम्हाला त्रास होतो त्याच वेळेला मोजा. त्यानंतर उलट करा: तुमचा जुना फोन आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम. पहिल्यात आकडा वाढला तर फोन बदला. दुसऱ्यात वाढला तर सिम बदला. दोन्हींत जागचा हलला नाही तर जागेचं काहीतरी करावं लागेल. दुकानात नवा फोन हातात धरून घेतलेल्या स्पीड टेस्टचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, ती नवी पेठेच्या टॉवरची टेस्ट असते.

एक हिशोबही करून ठेवा. एमबीपीएस हे बिटांत असतं, फाइल बाइटांत, आणि ८ बिटांचा एक बाइट. ६० एमबीचा व्हिडिओ म्हणजे ४८० मेगाबिट. ०.८ नं त्याला दहा मिनिटं लागणार. ९ नं मिनिटाच्या आत जातो.


शेंगाचटणी, मंगळवार सकाळी ७.५०

रेल्वे_लाईन्स काकांनी छान समजावलं. माझी एक साधी शंका. दादा, तुमचा रोजचा डेटा दुपारीच संपत नाही ना? माझ्या आईचं असंच व्हायचं. सकाळी सगळं नीट, संध्याकाळी फोटोसुद्धा उघडायचा नाही. फोन खराब झाला म्हणून ती नवा घ्यायला निघाली होती. बघितलं तर रोजचा दीड जीबी चारच्या आत संपत होता आणि पुढं वेग ६४ केबीपीएसवर यायचा. नातवाचे व्हिडिओ आपोआप डाउनलोड होत होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद केलं, तेव्हापासून डेटा रात्रीपर्यंत पुरतो.

दुसरं म्हणजे फोनबरोबर रिचार्जही वाढेल, हे धरून चाला. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओ आणि एअरटेलनं अमर्याद ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनला जोडलं. दीड जीबीवर राहिलात तर ५जी फोन हातात असूनही तो फायदा मिळेलच असं नाही. दर महिन्याचा फरक वर्षभराला गुणून फोनच्या किमतीत मिळवा, मग ठरवा.


विजापूरवेस, मंगळवार सकाळी ९.१५

माझ्या फोनवर ५जी असं ठळक दिसतं, पण टेस्ट घेतली तर आकडे ४जीसारखेच. असं का होतं?


रेल्वे_लाईन्स, मंगळवार दुपारी १.३०

शेंगाचटणी ताईंचा प्रश्न माझ्या आधी यायला हवा होता. चाटीगल्ली, आधी ते तपासा, फुकटचं काम आहे.

विजापूरवेस, देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. जिओनं पहिल्यापासून स्टँडअलोन घेतलं, म्हणजे मागचं सगळं जाळंही ५जीचंच. एअरटेलनं सुरुवात नॉन-स्टँडअलोननं केली, त्यात फोन आधी ४जीला जोडला जातो आणि ५जी त्याच्या आधारानं वर चढतं. अशा जाळ्यात 'इथल्या ४जीला ५जीची जोड मिळू शकते' एवढ्यावरही फोन ५जीचं चिन्ह दाखवू शकतो. त्या क्षणी डेटा ५जीवरून येतोच असं नाही. म्हणून चिन्ह बघून निष्कर्ष काढू नका.

शिवाय ५जी कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर आहे, यावर फार अवलंबून असतं. वेगवान ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याला एन७८ म्हणतात. तो रुंद आहे, त्यामुळं वेग देतो, पण भिंतींतून आत शिरताना दमतो. पेठांमधल्या जुन्या दगडी वाड्यात मधल्या खोलीत गेलात की तो सुटलाच. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आतपर्यंत पोचतो, पण त्याचा पट्टा अरुंद, म्हणून फार वेगाची अपेक्षा ठेवू नये. जिओकडं हे दोन्ही आहेत.


जुळेकर, मंगळवार सायंकाळी ६.१०

मला हे सगळं पटतंय, पण माझं मत वेगळं आहे. लॉकडाऊनच्या आधीचा फोन आणि अँड्रॉइड १०. त्याला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालं असणार. क्रोमनं २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ सोडून दिलं, आता किमान १० लागतं. म्हणजे तुम्ही अगदी कडेवर उभे आहात. याच फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, जीएसटीचे ओटीपी, सगळं असणार. व्यापाऱ्याच्या व्हिडिओला दहा मिनिटं लागली तर तुम्ही आज चिडता. चालू खात्याचं अ‍ॅप एक दिवस उघडलंच नाही तर काय कराल? वेगासाठी नको असेल तर नका घेऊ, पण सुरक्षेसाठी घ्यायला हवा. मी असतो तर याच महिन्यात घेतला असता.

आणि ६४ जीबी भरत आलं असेल तर फोन तसाही हळू होतो. लोक त्याला नेट हळू आहे म्हणतात.


बाराबंदी, मंगळवार रात्री ८.२५

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर जाऊन बघा. नंदीध्वजांची मिरवणूक येते तेव्हा चांगल्यातला चांगला ४जी फोनही फोटो पाठवू शकत नाही. सिग्नल पूर्ण असतो, कारण टॉवर समोर दिसतो. पण एका टॉवरच्या वाट्याला येणारी जागा हजारो लोकांत वाटली जाते. अशा ठिकाणी मात्र ५जी फोनचा मला खरोखर फरक पडलाय. ४जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा, एन७८ मध्ये तो १०० पर्यंत जाऊ शकतो, आणि त्यावर अजून गर्दी कमी. तुमचं संध्याकाळीच जास्त बिघडत असेल तर गर्दीचाही भाग असणार. संध्याकाळी सगळे मोबाइलवर बसतात. तेव्हा ५जीला एकदम मोडीत काढू नका.


पूर्वभाग, मंगळवार रात्री ८.५०

एक इचारायचं होतं. शेडवर लावायचा बूस्टर पाच-सहा हजारांत ऑनलाइन मिळतोय. दोघांनी मिळून घेतला तर?


रेल्वे_लाईन्स, मंगळवार रात्री ९.३०

पूर्वभाग, तेवढं करू नका. परवान्याशिवाय मोबाइलचा बूस्टर किंवा रिपीटर बसवणं आपल्याकडं बेकायदा आहे. दूरसंचार खातं असे बूस्टर शोधून काढून टाकतं. नियमापलीकडंही एक गोष्ट आहे. हलक्या दर्जाचा बूस्टर तुमच्या सिग्नलबरोबर कचराही वाढवून टॉवरकडं फेकतो. त्या टॉवरवर असलेल्या सगळ्यांचं अपलोड बिघडतं. कामावर असताना असे बूस्टर हुडकत आम्ही गच्च्या पालथ्या घातल्यात. एका गच्चीवरचा डबा बंद केला की आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या तक्रारी थांबायच्या. एमआयडीसीत आज नेट मंद आहे त्यात अशा डब्यांचा वाटा असू शकतो. आपण त्यात भर घालायची नाही.

परवानगीनं सिग्नल वाढवायचा असेल तर कंपनीकडं तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. एकाच आवारातल्या पाच-सहा कारखानदारांनी मिळून नोंदवली तर जास्त वजन पडतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनंतर प्रत्येक कंपनीला कुठं कोणतं जाळं मिळतं याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तिथं आपला प्लॉट शोधा. नकाशा रस्त्यावरची परिस्थिती सांगतो, पत्र्याखालची सांगत नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. टॉवर कुठं उभे आहेत ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतं.


मालदांडी, बुधवार सकाळी ६.४०

मी मंगळवेढा तालुक्यातल्या गावात राहतो. फोन बदलल्यानंच काम झालं असं माझं उदाहरण आहे, म्हणून लिहितो. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर जाहीर झालं. आमच्या टॉवरवर ते आलं, शेजाऱ्याच्या फोनवर उत्तम चालू झालं, माझ्या फोनवर काही येईना. सिम बदललं, तरी नाही. शेवटी कळलं की हे ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणजे बँड २८, आणि माझ्या २०१९ च्या फोनमध्ये तो बँडच नव्हता. त्या काळातल्या आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये १, ३, ५, ८, ४० आणि ४१ एवढेच असायचे. बँड नसेल तर टॉवर उशाशी असला तरी उपयोग शून्य. मग मी हा वापरलेलाच फोन घेतलाय, पण बँड बघून घेतलाय. आता रानातून कांद्याचे फोटो आडत्याला सहज जातात.


शेंगाचटणी, बुधवार सकाळी ८.००

मालदांडी, वापरलेला फोन घेताना तो चोरीचा नाही हे कसं बघितलंत? आमच्याकडं एकाला त्यावरून पोलीस ठाण्यात जावं लागलं होतं.


मालदांडी, बुधवार सकाळी ८.३५

ताई, *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, जागा सोडून तो क्रमांक, आणि १४४२२ ला पाठवायचा. फोनची माहिती येते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. क्रमांक ब्लॅकलिस्टमध्ये, डुप्लिकेट किंवा आधीच वापरातला म्हणून दाखवला तर सरळ परत द्यायचा, भाव कितीही चांगला असला तरी. बिल आणि खोकं मागितलं, खोक्यावरचा क्रमांक जुळवला, मगच पैसे दिले.


चाटीगल्ली, शुक्रवार रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीनं लोक लिहितील असं वाटलं नव्हतं. सांगितलेलं सगळं करून बघितलं, ते क्रमानं लिहितो.

डेटा संपत नव्हता. ताईंची शंका तेवढी निकालात निघाली.

मग सिग्नल मोजला. कारखान्याच्या फाटकात उणे ९५, दारात उणे ९९, आणि मधल्या मागांपाशी, जिथं मी व्हिडिओ काढतो तिथं, उणे ११६. पत्र्यानं काय केलंय ते आकड्यात दिसलं. फोन हातात धरून चालत गेलं की पावलागणिक आकडा पडत जातो.

भाच्याच्या ५जी फोनमध्ये माझं सिम घातलं. दारात ५जी आलं आणि अपलोड २० च्या वर गेलं. आत मागांपाशी ५जी निघून गेलं, फोन ४जीवर आला आणि अपलोड १ च्या आसपास. म्हणजे अठरा हजार घालून मला दारात उभं राहायचा आनंद मिळाला असता. आमच्या मुकादमांचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. ते माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं तर त्याच जागी उणे १०३ आणि अपलोड ४ ते ५. संध्याकाळी सात वाजताही ३ च्या खाली आलं नाही. त्या कंपनीचा टॉवर आमच्या मागच्या बाजूला आहे आणि तिकडं भिंतीत मोठी जाळी आहे, असं तरंग संचारवर बघितल्यावर ध्यानात आलं.

एक गोष्ट मात्र फोनच्याच वाट्याची निघाली. घरी वायफायवर तोच व्हिडिओ दोन्ही फोनवरून पाठवला. भाच्याचा लगेच जायला लागला, माझा बराच वेळ नुसताच थांबला. रेल्वे_लाईन्स काका, ते काय असावं?


रेल्वे_लाईन्स, शुक्रवार रात्री ११.००

फार उत्तम मोजलंत. टॉवर कोणत्या बाजूला आहे ते जाळीशी ताडून बघणं हे तर आमच्या खात्यातले सुद्धा विसरतात.

व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप आधी तो फोनवरच दाबून लहान करतं, मग पाठवतं. जुन्या प्रोसेसरला त्या दाबण्यालाच वेळ लागतो, नेटचा त्यात संबंध नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ते दाबणं टळतं आणि लूपही स्वच्छ दिसतो, पण फाइल मोठी जाते. त्यावर उपाय कॅमेऱ्यातच करा. रेकॉर्डिंग ४के वर असेल तर १०८० वर आणा, ३० फ्रेमचं ठेवा, आणि सेटिंगमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत) असा पर्याय दिसला तर तो निवडा. फाइल जवळपास निम्मी होते. व्यापाऱ्याच्या फोनवर उघडते का तेवढं एकदा विचारून घ्या.


जुळेकर, शनिवार सकाळी ९.२०

मग फोन घेताय की नाही? माझा मुद्दा अजून तसाच आहे.


चाटीगल्ली, शनिवार दुपारी २.४०

जुळेकर, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फोन घेणारच, पण बँकेच्या अ‍ॅपसाठी आणि सुरक्षेसाठी, आणि दिवाळीच्या बोनसचं वाटप झाल्यावर. कामगारांचा बोनस आधी. वेगासाठी आज घेतला असता तर मी नाराज झालो असतो आणि दुकानदाराला दोष दिला असता. आत्ता सिम बदलतो, ते फोनच्या मानानं फुकटात पडतं. व्हिडिओसाठी एक टेबल मागच्या जाळीपाशी हलवलंय. तिथं उजेडही चांगला पडतो, रंग खरा दिसतो. कारखान्यात फायबरचं इंटरनेट घ्यायचीही चौकशी केलीये. लाइन मुख्य रस्त्यापर्यंत आहे, आत आणायला किती खर्च येईल ते कळवतो म्हणालेत. ते जमलं तर संगणकाच्या कामालाही उपयोग.

दिवाळीला फोन घेताना काय बघू तेवढं सांगून ठेवा.


रेल्वे_लाईन्स, शनिवार सायंकाळी ५.०५

बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या फोनच्या पानावर बँडची यादी असते, ती वाचा. दुकानातल्या कार्डावर नुसतं ५जी लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ५जीमध्ये एन२८ आणि एन७८ हवेतच, एन१, एन३, एन८, एन४० असले तर बरं. ४जीमध्ये १, ३, ५, ८, ४०, ४१ आणि मालदांडींनी सांगितलेला २८. कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन आहे का बघा, म्हणजे फोन ४जीचे दोन-तीन पट्टे एकत्र वापरू शकतो. स्वस्त फोनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं आणि मग एकाच टॉवरखाली दोन फोनांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

स्टँडअलोन आणि नॉन-स्टँडअलोन दोन्ही असावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेडमी ए४ ५जीमध्ये फक्त स्टँडअलोन होतं, त्यामुळं एअरटेलच्या नॉन-स्टँडअलोन ५जीवर तो चालत नव्हता, ४जीवरच राहायचा. जिओवाल्याला तो चालला. उद्या तुम्ही पुन्हा कंपनी बदललीत तर अशा फोननं अडायला नको. आणि किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार, ते कंपनीनं लिहून दिलेलं बघा. तुमच्या कामासाठी मी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा त्याला जास्त महत्त्व देईन.


विजापूरवेस, शनिवार सायंकाळी ७.३०

कंपनी बदलताना नंबर तोच राहतो ना? व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं का? मलाही करायचंय.


शेंगाचटणी, शनिवार रात्री ८.१०

नंबर तोच राहतो, व्हॉट्सअ‍ॅपलाही धक्का लागत नाही. इंग्रजीत पोर्ट, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला करायचा. यूपीसी, म्हणजे कंपनी बदलायचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या त्याच सेवा-विभागात, कामाचे तीन दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. आणि नुकतंच सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, तो नियम १ जुलै २०२४ पासून आहे. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस पुढं मिळत नाहीत, म्हणून प्लॅन संपत आला की करा. ज्या दिवशी बदल होतो तेव्हा काही तास फोन बंद असतो. त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका, यूपीआयची पडताळणी पुन्हा करावी लागू शकते.


चाटीगल्ली, शनिवार रात्री ९.००

ताई, हे बरं सांगितलंत. माझा प्लॅन महिनाअखेरीला संपतोय, त्याच आठवड्यात मेसेज करतो. पगाराचा दिवस सोडून करीन.

पूर्वभाग, तुमची शेड आमच्यापासून लांब नसावी. बुधवारी मुकादमांचं सिम घेऊन येतो, तुमच्याकडंही मोजून बघू. आपल्या रांगेतल्या सगळ्यांचे आकडे मिळाले तर काका म्हणतात तशी एकत्र तक्रार करता येईल.


पूर्वभाग, शनिवार रात्री ९.१०

या की अण्णा. पण दुपारी नका येऊ, सातला या. सगळ्यात बेकार तेव्हाच असतंय. शेजारच्या दोघांना पण थांबवून घेतो.